हाल दीबच्या दोनशे चौदा फुल्या

१

अंद्री सामुटला पकडायला शिपाई आले तेव्हा तो खोकल्याचं औषध गाळत होता. हातातलं फडकंही त्यांनी त्याला पिळू दिलं नाही. औषध तसंच टपटपत राहिलं, आणि हाल दीब गावातल्या एकमेव औषधाच्या दुकानाला कुलूप लागलं.

हे मला त्याच्या बहिणीनं सांगितलं. १८३५ सालचा मे महिना होता. ग्रेझ्झ्या सामुट दोन तास चालत राजधानीत, वालेत्ताला आली आणि वकील फिदेल झेराफा यांच्या दारात उभी राहिली. मी वेन्झु कामेनझुली, झेराफांकडे नकलनवीस होतो. दार मीच उघडलं. तिच्या बुटांवर चुनखडीची पांढरी धूळ होती आणि हातात भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी.

"वकील भेटतील का?" ती म्हणाली. "नाही म्हणू नका. नाही ऐकून ऐकून मी थकलेय."

झेराफा तेव्हा साठीला आलेले. पोट सुटलेलं, तपकिरीनं बोटं पिवळी झालेली. तोंडानं कडू, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारा माणूस. त्यांनी तिला बसवलं.

त्या वर्षी इंग्रजांच्या ताब्यातल्या आमच्या माल्टा बेटावर एक अर्ज फिरत होता. मागण्या दोनच होत्या. आमच्यासाठी कायदे करताना आमच्या निवडलेल्या माणसांना विचारावं, आणि बेटावर छापखाना काढायची मोकळीक द्यावी. सरकारी पत्रकाशिवाय तेव्हा आमच्याकडे काही छापता येत नसे. सह्यांचे कागद गावोगाव गेले होते आणि ते लंडनला जायचे होते. मोठ्या गावांतून तीस आल्या, चाळीस आल्या. हाल दीबमधून दोनशे चौदा आल्या. अंद्रीनं दुकानात टेबल मांडून चार रविवारी त्या घेतल्या. सहा जणांनी नावं लिहिली होती. बाकी सगळ्या फुल्या, आणि प्रत्येक फुलीपुढे अंद्रीच्या अक्षरात नाव.

गव्हर्नरच्या कचेरीत कुणीतरी म्हणालं, एवढ्याशा खेड्यात एवढं मत आलं कुठून? म्हणून कॅप्टन लॉफ्टस नावाचा एक इंग्रज अधिकारी तपासायला गेला. त्यानं गावातल्या कचेरीत प्रत्येकाला बोलावून विचारलं, सही तुझी का?

"सहा जण हो म्हणाले," ग्रेझ्झ्या म्हणाली. "दोनशे सात जण नाही म्हणाले. आणि एक जण मेलेला निघाला."

"मेलेला?"

"जान्नी व्हसाल्लो. जानेवारीत पुरला. त्याची फुली मार्चमधली आहे म्हणतात."

झेराफांनी तपकिरीची डबी उघडली आणि तशीच बंद केली. "बाई, सरळ विचारतो. तुझ्या भावानं त्या फुल्या स्वतः मारल्या का?"

"मी तिथं टेबल पुसत होते, साहेब. माझ्या डोळ्यांदेखत मारल्यात सगळ्यांनी. पावलू पाथरवटानं तर टाक इतका दाबला की कागद फाटला." तिचा आवाज चढला. "आणि तोच पावलू नाही म्हणाला! त्या गावाशी मी बोलणं टाकलंय. विहिरीवर गेले तर घागर भरते आणि येते."

ती गेल्यावर झेराफा खिडकीशी गेले.

"वेन्झु, एका माणसाला घाबरवणं सोपं. दहांनाही जमतं. पण दोनशे सात माणसं एका सकाळी पलटतात आणि एकाच्याही तोंडून खरं निसटत नाही? हे कुणी केलं, ते शोधायला हवं."

२

आम्ही सोमवारी हाल दीबला गेलो. माझ्या काखेत चौकशीच्या नोंदीची नक्कल होती. मीच ती कोर्टातून उतरवून आणली होती. नावामागून नाव, आणि प्रत्येकापुढे एकच शब्द. नाकारतो. नाकारतो. नाकारतो. सकाळी नऊला सुरू केलेलं काम दुपारच्या बाराच्या घंटेला संपलं होतं.

गावानं आम्हाला पाहून दारं लावली. खरंच लावली, खिट्ट्यांचे आवाज एकामागून एक गल्लीतून पुढे गेले. एका उंबऱ्यावर एक म्हातारा कापसाची सरकी काढत बसला होता, तेवढा उठला नाही.

"जान्नी व्हसाल्लोची कबर कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठला जान्नी?"

"जान्नी व्हसाल्लो."

"अहो, ते कळलं. कुठला? चिमणा की मीठवाला?"

झेराफांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा आम्हाला वेड्यात काढत होता. "चिमणा जान्नी वारला जानेवारीत. मीठवाला धडधाकट आहे. पलीकडे गोझो बेटावर मिठागरात गेलाय, येईल सणाला. व्हसाल्लो काय, अर्धं गाव व्हसाल्लो आहे. आडनावानं कोण हाक मारतं?"

"मग अधिकाऱ्यानं नाव पुकारलं तेव्हा?"

"कुणीतरी म्हणालं असेल वारला म्हणून. साहेबानं विचारलं का कुठला ते?"

परत गाडीत बसताना मी खुशीत होतो. सरकारचा भक्कम पुरावा एका उंबऱ्यावर गळून पडला होता.

"हसू नकोस," झेराफा म्हणाले. "मेलेला जिवंत झाला, ठीक. जिवंत दोनशे सात अजून मेलेलेच आहेत."

३

आमच्या डोळ्यांपुढे दोन माणसं होती. एक, गावचे पाद्री दुन बेर्त. छापखाना आला की धर्माविरुद्ध चोपडी निघतील, असं ते उघड बोलत. दुसरा तोनी कारुआना, गावचे जमीनदार असलेल्या बारनच्या जमिनीचा कारभारी. निम्मं गाव त्याच्याकडून जमीन कसायला घेत होतं. त्यानं डोळे वटारले तर कोण तोंड उघडणार?

तोनी आम्हाला खळ्यावर भेटला. आडदांड माणूस, दंड दोरखंडासारखे ताणलेले.

"मी लोकांना दम दिला?" तो हसला. "वकीलसाहेब, त्या सहा जणांत मी आहे. माझी सही आहे, कॅप्टनसमोर हो म्हणालोय. बारनसाहेब स्वतः त्या अर्जाच्या बाजूचे. त्यांनीच सांगितलं, तोनी, सही कर. मग मी लोकांना नाही म्हणायला का लावीन?"

"बाकीचे का पलटले असतील?"

तो गंभीर झाला. "विचारलं मी. माझीच माणसं. विचारलं, लेको, नाही का म्हणालात? तर माझ्याकडे असं बघतात जणू मीच वेडा. एक म्हणाला, जे होतं ते सांगितलं."

सहांतले बाकीचे कोण, ते मी नोंदीत पाहिलं. न्हावी, घंटा वाजवणारा देवळातला सेवक, शाळामास्तर, आणि जहाजावर हिशेबनीस राहिलेले दोघे भाऊ. न्हाव्यासारखा भित्रा माणूस हो म्हणतो आणि पावलूसारखा पाथरवट नाही म्हणतो, हे मला काही केल्या जुळेना.

दुन बेर्त आम्हाला देवळाच्या बाजूच्या खोलीत भेटले. हडकुळे, थकलेले.

"अर्ज मला आवडला नव्हता," ते म्हणाले. "लपवत नाही. पण चौकशीच्या आदल्या रविवारी मी वेदीवरून एवढंच सांगितलं, की उद्या विचारतील त्याला खरं उत्तर द्या. खोटं बोललात तर ते पाप माझ्याकडे घेऊन यावं लागेल."

"आणि आणलं कुणी?" झेराफांनी एकदम विचारलं.

पाद्रींचा चेहरा बंद झाला. "पापाच्या कबुलीत काय ऐकलं ते मी मेलो तरी सांगणार नाही. तुम्हाला माहीत आहे." मग खाली बघत, "मी इथं बावीस वर्षं आहे. दोनशे माणसांनी खोटी साक्ष दिली तर गावाची चाल बदलते. माणसं नजर चुकवतात. तसं काही... मला दिसलं नाही."

खाणीवर पावलू स्पितेरी दगड तासत होता. पन्नाशीचा, पापण्यांपर्यंत पांढरा. आम्ही जवळ गेलो तरी त्याचं काम थांबलं नाही.

"पावलू, तू खोटं का बोललास?" झेराफांनी विचारलं.

छिन्नी थांबली. "काय म्हणालात?"

"कॅप्टनसमोर. खोटं."

तो उठून उभा राहिला. मी दोन पावलं मागे सरलो. "मी मोठा माणूस नाही," पावलू म्हणाला. "माझ्याकडे काही नाही. पण खोटं बोललो असं आजवर मला कुणी म्हटलेलं नाही. बायकोनंसुद्धा नाही. आता तुम्ही जा."

"मग अंद्रीच्या टेबलावर तू फुली मारलीस की नाही?"

"मारली. चांगली ठसठशीत मारली. जा म्हटलं ना!"

आम्ही निघालो. रस्त्यावर झेराफा मध्येच थांबले. भर उन्हात, डोक्यावर टोपी नाही.

"फुली त्याची आहे. आणि तो खोटंही बोललेला नाही. वेन्झु, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी पैज लावतो. कशा, ते सांग मला."

४

पुढच्या खेपेला आम्हाला भूक लागली म्हणून गावच्या भट्टीवर गेलो. बायका घरून कणीक मळून आणतात आणि भट्टीवाला सगळ्यांचे पाव एकत्र भाजतो. आपला पाव ओळखू यावा म्हणून प्रत्येक घराची खूण कणकेवर काढलेली असते. कुणाचा मासा, कुणाची किल्ली, कुणाच्या दोन रेघा.

चेत्ता नावाची एक म्हातारी भट्टीवाल्याशी कडाकडा भांडत होती. "हा माझा नाही! माझी किल्ली आहे, हा कंगवा आहे. कंगवा त्या भवानीचा, तिच्या पावाला मीठ नसतं. मला नको."

भट्टीवाल्यानं पावांची अदलाबदल केली. झेराफांनी गंमत म्हणून किल्लीचा पाव हातात घेतला. "आजी, सुरेख आहे. ही तुम्ही लिहिलीत?"

"छे!"

"मग कुणी?"

"कुणी काय? माझीच आहे."

"अहो, तुमची आहे तर तुम्हीच लिहिली ना?"

म्हातारी वैतागली. "लिहायला मला कुठं येतंय, साहेब? लिहिली नाही. केली!"

बायका खदखदून हसल्या. मीही हसलो. झेराफा हसले नाहीत. गरम पाव त्यांच्या हातात होता, बोटं भाजत असणार, पण तो खाली ठेवायचं त्यांना सुचेना.

"तो नोंदीचा कागद काढ," ते मला म्हणाले. "हो म्हणालेले सहा. वाच."

"न्हावी, देवळातला सेवक, शाळामास्तर, दोघे भाऊ, तोनी कारभारी."

"त्यांच्यात सारखं काय आहे?"

मला तेव्हा दिसलं, आणि इतके दिवस दिसलं नव्हतं याची लाज वाटली. सही करणाऱ्यांत लिहिता येणारी तेवढीच माणसं होती.

आम्ही जवळजवळ धावत खाणीवर गेलो. झेराफांना दम लागला होता. "पावलू, शिव्या नंतर दे. कचेरीत तुला कोणत्या शब्दांत विचारलं, तेवढं सांग. जसंच्या तसं."

पावलूनं कपाळ पुसलं. "साहेब त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. दुभाष्यानं कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाला, 'हे तू लिहिलंस का?' कागदभर बारीक अक्षर होतं. मी म्हटलं, नाही, मला लिहायला येत नाही."

"आणि?"

"आणि काय? पुढच्याला हाक मारली."

झेराफा दगडावर बसले. "अंद्रीला धरलं तेव्हा तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"त्यानं खोटे कागद केले असं म्हणाले. कुठले ते कुणी सांगितलं? आम्हाला वाटलं, असेल दुकानातलं काही. आमच्या फुल्यांवरून धरलंय हे..." पांढऱ्या पापण्या दोनदा मिटल्या. "आमच्या फुल्यांवरून धरलंय?"

५

दुभाष्याचं नाव सावेर ग्रिमा. कॅप्टनला मोडकंतोडकं इटालियन यायचं, गावाला फक्त माल्टी. मध्ये सावेर. तो आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. पाच मुली. आम्ही गेलो तेव्हा तो घेवडा सोलत होता.

झेराफांनी न बसताच सांगितलं, काय घडलं असावं ते. सावेरनं ऐकून घेतलं. हातातली शेंग सोलून पूर्ण केली.

"इटालियनमध्ये सही करणं म्हणजे खाली लिहिणंच," तो म्हणाला. "कॅप्टन म्हणाला, यानं खाली लिहिलं का विचार. मी विचारलं, लिहिलंस का. एकही शब्द मी पदरचा घातला नाही."

"मी तुला शब्दाचं विचारत नाही, सावेर. तू माल्टी माणूस आहेस. तुझ्या बापाला लिहिता येत होतं?"

"नाही."

"मग?"

आतून मुलींचं भांडण ऐकू येत होतं. सावेर उठला, दार लावून आला.

"पहिला म्हणाला, मला लिहिता येत नाही. मी साहेबाला सांगितलं, नाही म्हणतो. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं. पण वकीलसाहेब, तोवर साहेबाचा चेहरा खुलला होता. तो सकाळपासून चिडलेला होता, उकाड्यानं, माश्यांनी. आणि मग प्रत्येक नाहीला तो मान डोलवायला लागला. मला म्हणाला, शाबास ग्रिमा, काम झपाझप होतंय. आठ वर्षांत मला कुणी शाबास म्हटलं नव्हतं."

"हे कोर्टात सांगशील?"

"नाही."

"अंद्री सामुट तुरुंगात आहे."

"माहीत आहे मला," सावेर ओरडला. मग हळू म्हणाला, "तुम्ही माझं नाव घेतलंत तर मी शपथेवर सांगेन की मी 'फुली मारलीस का' असंच विचारलं होतं. माझ्या पाच मुली आहेत. तुम्ही मला वाटेल ते म्हणा."

झेराफा दार उघडून बाहेर पडले.

६

इथून पुढे चूक आमची. झेराफा ती शेवटपर्यंत एकट्या स्वतःची म्हणत. त्या संध्याकाळी ते कॉफीखान्यात गेले. तिथं अर्जाची मंडळी जमायची; वकील, व्यापारी, दोन डॉक्टर, बारनचा धाकटा भाऊ. तिथं झेराफांनी सगळं सांगितलं. मंडळी नाचायचीच बाकी होती.

"म्हणजे दोनशे चौदाच्या दोनशे चौदा खऱ्या!"

"लोकमत म्हणतात ते हे!" बारनचा भाऊ खुर्चीवर चढला. "हाल दीबच्या पाथरवटांच्या नावानं!"

आठवड्याच्या आत हातानं लिहिलेले कागद वालेत्ताच्या भिंतींवर लागले. हाल दीबची दोनशे माणसं सरकारला छातीठोकपणे विचारत आहेत, वगैरे. हाल दीबमध्ये मात्र कॉफीखान्यातलं कुणी गेलं नाही. गेले ते सोळा शिपाई. ते विहिरीजवळ तंबू ठोकून राहिले. कुणाला हात लावला नाही, कुणाला काही बोलले नाहीत. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव विचारून वहीत लिहायचे.

न्यायाधीशांनी झेराफांची विनंती मान्य केली. बारा माणसं बोलवा, तुमच्या शब्दांत विचारा. आम्ही पावलूला पहिला ठेवला, आणि गोझोहून परतलेल्या मीठवाल्या जान्नीला शेवटचा. त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्या शब्दात खोट काढता येणार नव्हती.

सुरुवातीलाच सरकारी वकील उभे राहिले. "या माणसांनी अधिकाऱ्यासमोर एकदा नाही म्हटलेलं आहे. आज हो म्हणाले तर दोन्हींतलं एक खोटं ठरेल. खोट्या साक्षीची शिक्षा त्यांना समजावून द्यावी."

ती समजावून दिली सावेर ग्रिमानं. सावकाश, स्वच्छ माल्टीत, एकेक शब्द.

झेराफांनी कागद उचलला. "पावलू स्पितेरी. ही फुली तू मारलीस का? लिहिलीस का विचारत नाही. मारलीस का?"

पावलूनं कागदाकडे पाहिलं. टाकानं फाटलेली जागा मला बसल्या जागेवरून दिसत होती. आरोपीच्या कठड्यात अंद्री पुढे झुकला.

"नाही," पावलू म्हणाला.

दुसरा नाही म्हणाला. तिसराही. नवव्याला रडू फुटलं, पण रडत रडत तोही नाहीच म्हणाला. मीठवाला जान्नी उभा राहिला तेव्हा झेराफांनी कठडा घट्ट धरला होता. जान्नीनं बाकावरच्या अकरा जणांकडे पाहिलं. "मला याच गावात राहायचंय," तो कुणालाच न उद्देशून बोलला, आणि मग मोठ्यानं, "नाही."

बाहेर पायऱ्यांवर झेराफांनी पावलूला गाठलं. "का रे?"

"त्या दिवशी खरं बोललो," पावलू म्हणाला, "तर अंद्री आत गेला. आज खरं बोललो असतो तर कोण आत गेलं असतं, तुम्ही सांगा. तुम्हाला ठाऊक होतं?"

तो पायऱ्या उतरून गेला.

७

एक शस्त्र उरलं होतं. बारा जणांना न्यायाधीशांपुढे पुन्हा फुली मारायला लावायची आणि कागदावरच्या फुल्यांशी ताडून बघायची. पाथरवटाची फुली छिन्नीच्या घावासारखी तिरकी होती, डावखुऱ्याची उलटी. बारा वेगळे हात होते ते, एकट्या अंद्रीचे नव्हते. जुळवणी गुरुवारी ठरली.

"जिंकू आपण," मी म्हणालो.

"जिंकू," झेराफा म्हणाले. "आणि त्या बारांनी शपथेवर खोटी साक्ष दिली, हे मीच सिद्ध करून देईन."

बुधवारी आम्ही तुरुंगात अंद्रीला भेटलो. पंचेचाळिशीचा माणूस, महिन्याभरात केस गेलेले. झेराफांनी त्याला दोन्ही बाजू सांगितल्या. लपवलं काही नाही.

"बारा की सगळे?" अंद्रीनं विचारलं.

"आधी बारा. मग बाकीच्यांनाही ओढतील."

"चेत्ताआजीचा मुलगा त्या बारांत आहे. त्याची छाती बरी नाही. इथं तो हिवाळा काढणार नाही." तो भिंतीला टेकला. "पहिल्या रविवारी कुणी येईना, वकीलसाहेब. मी नुसता बसून होतो. मग मीच घरोघर गेलो. म्हटलं, अरे, तुम्हाला काय वाटतं ते लंडनला कळायला नको? पावलू म्हणाला, मला काय वाटतं ते आजवर मला कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, मी विचारतोय." त्यानं डोळे चोळले. "वेन्झु, कागद आहे का तुझ्याकडे?"

"कशाला?"

"लिही. मी, अंद्री सामुट, कबूल करतो की दोनशे आठ फुल्या मी एकट्यानं, कुणालाही न विचारता मारल्या."

"नाही," झेराफा म्हणाले. "मी तुझा वकील आहे. मी हे होऊ देणार नाही."

"मग दुसरं काय होऊ देणार, ते सांगा."

झेराफा उठून दाराशी गेले. तिथंच पाठ फिरवून उभे राहिले. मी लिहिलं. लिहिताना दोनदा शाई सांडली. अंद्रीनं खाली सही केली, पूर्ण नावानिशी, आणि कागद फुंकून वाळवला.

त्याला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. हाल दीबचा कागद अर्जातून काढला. नुसता त्याचाच नाही; बाकी गावांच्या फुल्याही संशयास्पद म्हणून बाजूला ठेवल्या, आणि लंडनला जे गेलं त्यात फक्त लिहिता येणाऱ्यांच्या सह्या होत्या. सामान्य जनतेला या मागण्यांशी काही देणंघेणं नाही, असा शेराही जोडला होता. तो शेरा मी स्वतः वाचला आहे.

कबुली दाखल झाली त्या दिवशी आम्ही कॉफीखान्यावरून चाललो होतो. बारनच्या भावानं आतून हाक मारली, "काय झेराफा, आपल्या हाल दीबच्या वाघांची काय खबर?"

झेराफा आत गेले. मी मागोमाग. "अंद्री सामुटनं गुन्हा कबूल केला," ते म्हणाले. "फुल्या त्यानंच मारल्या."

खरं काय ते सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं, पण झेराफांनी माझं मनगट धरलं. एक शब्द इथं पडला असता तर उद्या भिंतीवर लागला असता, आणि परवा बारा माणसं आत गेली असती.

एक डॉक्टर हळहळला. कुणीतरी कॉफी ढवळायला लागलं. मग कोपऱ्यातून एक व्यापारी, त्या दिवशी सर्वांत मोठ्यानं टाळ्या वाजवणारा, म्हणाला, "खरं सांगू का? मला पहिल्यापासून तो माणूस तसाच वाटत होता."

"मलाही," बारनचा भाऊ म्हणाला.

मग एकेक करून सगळ्यांनाच ते पहिल्यापासून वाटत होतं. झेराफा उभे राहून ऐकत होते. कुणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली, आणि ते बसले.